चौथं सड

उंबरकोंडात बायकांनी दूध संस्था काढली, तेव्हा गावात राहिलेल्या पुरुषांनी कौतुकही केलं नाही आणि विरोधही केला नाही. ते तंबाखू मळत बसले. राहिलेले पुरुष म्हणजे मुंबईला जायचं वय सरलेले. बाकी सगळे मुंबईत, आणि त्यांच्या बायका गावात पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. मनीऑर्डर लांबली की मीठमिरचीसाठीसुद्धा दुकानदारापुढे तोंड वेंगाडायचं. या तोंड वेंगाडण्याचाच हौसाला वीट आला होता. तिचा नवरा काशीराम मुंबईत होता, जमेल तसं पाठवतही होता, पण बाईमाणसाच्या हातात स्वतःचं काही असावं असं तिच्या मनानं घेतलं. हौसाच्या मनानं घेतलं की ते गावानं घेतलंच म्हणून समजायचं, कारण तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि पायाला विसावा नव्हता. घरोघर फिरून तिनं बायका गोळा केल्या, खेडच्या शीतकरण केंद्रात जाऊन साहेबाच्या टेबलापुढे उभी राहिली आणि येताना एक चकचकीत कॅन डोक्यावर घेऊन आली. चेअरमन तीच. फाट्यावरच्या पाटीवर तिचं नाव रंगवलं, तेव्हा वाडीतल्या बायका जाऊन ते हातानं चाचपून आल्या.

केंद्राची अट एकच होती. टेम्पो रोज सकाळी वरच्या सडकेनं जायचा, पण कॅन काठोकाठ भरलेला असेल तरच तो उंबरकोंडच्या फाट्यावर थांबणार. अर्धामुर्धा कॅन दिसला की सरळ पुढे. आता कोकणातली म्हैस म्हणजे काही गुजरातची म्हैस नव्हे. दिवसभर कातळावर भटकून मिळेल ते गवत ओरबाडायचं आणि घरी येऊन जमेल तेवढं दूध द्यायचं. सगळ्या घरांचं एकत्र केलं तरी दूध कॅनच्या गळ्याशी येऊन थांबायचं. रोज वीतभर कमी.

म्हशीला सडं चार. त्यातली तीन माणसाची आणि चौथं पारडाचं, हे उंबरकोंडात कुणाला शिकवावं लागत नसे. नवी सून धार काढायला बसली की सासू एवढंच सांगायची, की चौथ्याला हात लावायचा नाही. घरात पोर आजारी असो, दारात पाहुणा असो, चौथं सड पारडाचं. गरिबीनं या माणसांकडून नाही नाही ते करून घेतलं होतं, पण हे कधी मोडायला लावलं नव्हतं. ते हौसानं मोडलं.

"थोडे दिस," ती बायकांना म्हणाली. "येकदा टेम्पो थांबाय लागला की मंग बगू. पारडांना पेज घाला, भुसा घाला. तेवड्यानं काय मरत नाय ती."

हौसाच्या शेजारची यमुनाकाकी वाडीत सगळ्यांत म्हातारी. तिची स्वतःची म्हैस कधीच गेली होती, त्यामुळे संस्थेत तिचा आवाज नव्हता. पण आवाज नसला म्हणून ती गप्प बसणारी नव्हती.

"तीन घेतलाव, आता चौथां बी घ्या," ती म्हणाली. "पारडानं काय मंग, तुजी चेअरमनकी चाटायची?"

बायका हसल्या. हौसाही हसली. दुसऱ्या दिवशी कॅन भरला, टेम्पो थांबला, आणि ड्रायव्हर लवू खाली उतरून "काय चेअरमनबाय" म्हणाला. हौसाला त्या दिवशी जेवणाची आठवण राहिली नाही.

पुढे पावसाळ्यातलं गवत अंगी लागून म्हशी दुधाला चढल्या. कॅन भरून वर कळशी उरायला लागली. तरी चौथं सड काही पारडांना परत मिळालं नाही. दुसऱ्याचं घेताना माणूस "थोडे दिवस" म्हणतो, आणि मग ते आपलंच होतं असं त्याला वाटायला लागतं. पारडं पेजेवर जगत होती. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि कान लोंबायला लागले होते. बायकांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण कॅनकडे बघितलं की पारडांकडे बघावं लागत नाही.

देवदिवाळीच्या तोंडावर एका सकाळी लवूनं कॅन चढवला आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "बाय, उद्या-परवा सुट्टी हाय."

"कसली सुट्टी?"

"दुधाची. उद्या-परवा दूध घेनार नायत. डेरीत दूध जास्त झालंय म्हनतायत."

"मंग म्हशीला काय सांगू?" हौसा म्हणाली. "उद्या सुट्टी हाय, पान्हा सोडू नको?"

लवू हसला आणि गेला. त्याच्या हसण्याचं काही नाही, तो पगारी माणूस. पण त्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी झाली, पुढच्यात तीन दिवस, आणि सुट्टीच्या दिवशीचं दूध घरोघर उतू जायला लागलं. बायकांनी दही लावलं, ताक घुसळलं, शेजाऱ्यांना वाटलं. पण जिथे दारोदार दूध तिथे कोण कुणाचं घेणार? बायका हौसाला विचारायला लागल्या आणि हौसा लवूला.

देवदिवाळीला काशीराम रजा काढून आला. खेडचं दूध मुंबईतल्या ज्या मोठ्या डेरीत जायचं तिथेच तो हमालीवर लागला होता आणि आता तिथे कायम व्हायची त्याची पाळी जवळ आली होती. जेवायला बसला तेव्हा हौसानं त्याला विचारलं, की तुमच्या डेरीत एवढं दूध कुठून जास्त झालं.

"आमच्याकडं कुटाय जास्त?" काशीराम म्हणाला. "आमच्याकडं कमीच पडतंय. म्हनून तर भुकटी कालवताव."

"कसली भुकटी?"

मग काशीराम खुलला. बायकोला माहीत नसलेलं आपल्याला माहीत आहे, याची गोडी त्याला वालाच्या उसळीपेक्षा जास्त वाटली असावी.

"गोऱ्यांच्या मुलखातली," तो म्हणाला. "तिकडली गाय बादल्या भरभरून दूध देते. तितलं सरकार बोल्लं, जेवडां घालशीला तेवडां आमी घेऊ, भाव पडू देनार नाय. लोकांनी घातलान की मंग. त्याचं लोनी झालं, भुकटी झाली. थंड वखारी भरल्या, नव्या बांधलनी, त्याबी भरल्या. लोन्याचे डोंगर झालेत म्हनतात. आता गेल्या सालापास्नं सरकारनं शेतकऱ्याला दम दिलान, की इतकांच दूध घालायचां, वरती घातलंस तर दंड. पन आदी झालेल्या लोन्याचं काय? समुद्रात टाकलं तर लोक तोंडात शेन घालतील. म्हनून आपल्याकडं धाडतात. फुकट."

"फुकट कोन देतं कोनाला?"

"फुकटचं ते पौष्टिक. खायाचं, इचारायचं नाय." काशीरामनं भाताचा मोठा घास घेतला. "भुकटीची पोती आमी बिलेडनं फाडताव. लोनी पिपातनं येतं, पिवळं, मेनावानी थिजलेलं. तां वाफेवर पातळ करायचां, भुकटी टाकायची, आनि वरनं नळाचं पानी. झालं दूध. निम्मी मुंबई माज्या हातचा च्या पिते."

हौसा त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांना कसलाच वास नव्हता.

"तुमी नळाच्या पान्याचं दूध करताव," ती म्हणाली, "आनि म्हशीच्या सडातनं आलेलं दूध त्या डेरीला जास्त होतंय."

"तां माज्या हातात हाय काय? मी पोती फाडनारा मानूस. कायम झालो तर खातीस ना?"

त्यानं ताट सरकवलं. हौसाला त्या भाताची, त्या घराची आणि नवऱ्याच्या पगाराची अशी शिसारी आली की ती जागची उठून गोठ्यात गेली. एकाच घरात एक माणूस भुकटी कालवून पोट भरणार आणि दुसऱ्याचा कॅन त्याच भुकटीनं उलटा होणार. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण तिला ठाऊक होती. पण इथे दळणारीही तीच होती आणि पिठाला तोंड लावणाराही तिच्याच घरचा.

काशीराम गेल्यावर, सुट्टी नसलेल्या एका दिवशी, लवूनं सकाळी नेलेला कॅन दुपारी परत आणला. गाडीतून उतरवताना तो हौसाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

"गेटच उगडलं नाय," तो म्हणाला. "मुंबईनं टँकर परत धाडलाय. टाकी भरलेली. सकाळधरनं उन्हात हुबा होतो."

"मंग बाकीच्या गावांनी काय केलान?"

"वतलान. तितंच गटारात. जा बगून ये, खेडला गटारातनं दूध वाहातंय. कुत्रीबी हुंगून गेली, प्यायली नायत."

उंबरकोंडात दूध ओतत नाहीत. धार काढताना थेंब भुईवर पडला तरी त्याच्यावर पाणी शिंपडून हात जोडायचे, अशी ती माणसं. बायका कॅनभोवती जमल्या. दूध गरम झालं होतं, झाकण काढलं की आंबूस वाफ येत होती. माणसांनी प्यावं असं ते राहिलं नव्हतं. मग त्यांतली मैना म्हणाली, "पारडांना घालू या ना. त्यांचंच हाय."

हे ऐकल्यावर सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. हौसाला तर वाटलं, देवानंच बुद्धी दिली. इतके दिवस हिसकावलं ते एका दुपारी फेडून टाकू, बिचारी पोटभर पिऊ देत. घमेली, पाट्या, परात, मिळेल ते भांडं भरून पारडांपुढे ठेवलं. पेजेवर जगलेली पारडं दुधात नाकं बुडवून प्यायली. पोटं नगाऱ्यासारखी तट्ट फुगली. बायका कौतुकानं बघत होत्या. हौसाची पारडी सगळ्यांत हावरी, कारण चेअरमनची म्हणून तीच सगळ्यांत उपाशी होती. तिनं आपली परात संपवून शेजारच्या पारडाची पण चाटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गोठ्यांतून घाण सुटली. पारडांना हगवण लागली होती. कुणी ओव्याचं पाणी पाजलं, कुणी कुड्याची साल उगाळली. बाकीची पारडं कशीबशी उठली. हौसाची पारडी उठली नाही. तिसऱ्या दिवशी ती आपल्याच घाणीत आडवी पडून गेली, आणि तिची आई, कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदरी म्हैस, दावं ताणून तिच्याकडे बघत राहिली.

यमुनाकाकी आली, उभी राहिली आणि काही न बोलता गेली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. हौसाला स्वतःचीच किळस आली. भुकेनं मारलं असतं तर निदान भुकेला नाव ठेवता आलं असतं. इथे आधी तोंडचं काढून घेतलं आणि मग पाप फेडायला म्हणून नासकं पाजलं. साहेब लोकांनी कॅन परत पाठवला हे खरं, पण परात तिनं स्वतःच्या हातानं भरली होती.

पारडी गेली आणि चांदरीनं पान्हा चोरला. हौसा आचळाला हात लावायची आणि म्हैस हंबरून मागे वळून बघायची. थेंब नाही. त्याच वेळी लवू निरोप घेऊन आला. केंद्राच्या साहेबांनी सांगितलं होतं, की गोऱ्यांच्या मुलखातला एक मोठा पाहुणा येतोय. ज्यांनी भुकटी दिली त्यांचाच माणूस. आपल्या देणगीनं इकडच्या दूध धंद्याचं कसं कल्याण झालं ते बघायला. बायकांची संस्था म्हणून उंबरकोंड निवडलंय. त्या दिवशी सुट्टी नाही. कॅन मात्र काठोकाठ भरलेला दिसला पाहिजे.

"माजी म्हस दूध देत नाय," हौसा म्हणाली. "पारडी मेली."

"मंग मुंबईच्या तबेल्यात करतात तसं कर," लवू म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं. "कातडं काढून त्याच्यात पेंढा भर. म्हस चाटते आनि पान्हा सोडते."

हौसानं ते केलं. पारडी अजून पुरलेली नव्हती. कसं केलं ते सांगायलाही ओंगळ वाटतं, पण केलं, आणि केलं ते कॅनसाठी. चार काठ्यांच्या पायांवर पेंढ्याची पारडी उभी राहिली, मीठ चोळलेली, डोळ्यांच्या जागी भोकं. चांदरीनं तिला हुंगलं. मग जीभ काढून ती तिला मानेवर, कानांमागे, पाठीवर चाटायला लागली, आणि चारी सडांतून पान्हा सुटला. हौसानं निम्मी धार काढली असेल नसेल, तिनं हात मागे घेतला. ती चरवी बाजूला ठेवून गोठ्यामागे गेली आणि ओकली. तोंड धुऊन परत आली तरी म्हैस चाटतच होती.

त्याच दुपारी ती पुन्हा घरोघर फिरली, संस्था काढताना फिरली होती तशी.

"पाव्हना यायच्या दिशी कोनी धार काढायची नाय," ती म्हणाली. "पारडं सुटी सोडा. चारी सडं पिऊ देत."

बायका दचकल्या. पण हौसाच्या मनात काय आहे ते त्यांना लगेच कळलं, कारण त्या उंबरकोंडच्या होत्या. त्या भागात एक जुनी रीत होती. घरी लग्नमुंज असली, सोयरे जमायचे असले, की भरल्या घरचा माणूस सकाळी पारडं सुटी सोडायचा. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं, की या घरी दूध नकोसं झालंय, धार काढायची गरजच नाही. पारडू चारी सडं पितं ते घर श्रीमंत, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तोंडानं बढाई न मारता मारलेली ती बढाई.

"त्याला दिसू दे इतं किती दूध हाय ते," हौसा म्हणाली. "आनि मी त्याला इचारनार. आमचं दूध गटारात जातंय, तर तुमचं कशाला धाडताव? तो देनारा हाय. त्यानं थांबवलान तर गेट उगडंल. नायतर संस्था गेलीच म्हनून समजा."

"आनि साहेब?" मैनानं विचारलं.

"साहेबाला मी बगते."

पाहुणा आला तो जीपमधून, साहेबाबरोबर. हौसाच्या अंगणात शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या, शहाळी सोलून ठेवली होती. शाळेचे आप्पा मास्तर हार घेऊन उभे होते. ते मूळचे पूर्णगडचे, इंग्रजी पुस्तकातलं वाचून समजणारे, पण बोलायची वेळ आली की घशात काटा अडकणारे. पाहुणा उंच, तांबडा, हात मात्र जाडजूड आणि भेगाळलेले. तो खुर्चीवर बसलाच नाही. सरळ गोठ्यात शिरला, चांदरीच्या पाठीवर थाप मारली, आणि खाली बसून आचळाला असा हात लावला की हौसानं ओळखलं, या माणसानं जन्मभर धारा काढल्यात.

तो साहेबाशी बराच वेळ बोलला. साहेब मराठीत एवढंच म्हणाले, "त्यांना तुमची म्हैस आवडली."

आप्पा मास्तर हौसाच्या कानाशी आले. "तेवढंच नाही म्हणाला तो," ते हळूच बोलले. "त्याच्याकडे गायी आहेत. सरकारनं दुधावर मर्यादा घातली म्हणून त्याला निम्म्या खाटकाला द्याव्या लागल्या. चांगल्या दुभत्या होत्या म्हणतोय."

हौसाला त्या तांबड्या माणसाविषयी एकदम आपलेपणा वाटला. याला कळेल, तिला वाटलं. ज्याचं दूध नको झालं त्यालाच ते कळेल. तेवढ्यात साहेबांचं लक्ष ओटीवर ठेवलेल्या कॅनकडे गेलं. त्यांनी झाकण उचललं. कॅन कोरडा होता. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी वाडीभर नजर फिरवली, तर दारोदार पारडं आयांच्या पोटाखाली घुसून ढुशा देत होती आणि तोंडाचा फेस गळेपर्यंत पीत होती.

"हे काय चाललंय, हौसाबाई?"

"पाव्हन्यांना सांगा," हौसा मोठ्यानं म्हणाली, "आमच्याकडं दूध इतकां झालंय की पारडांना सोडलंय. तुमच्या भुकटीपायी आमचा कॅन परत येतो. आमाला तुमचं दूध नको. आमचं घ्यायला सांगा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग पाहुण्याकडे बघितलं. माणूस हुशार. त्यांचा पडलेला चेहरा बघता बघता जागेवर आला आणि ते इंग्रजीत बोलायला लागले, गोड, दुःखी आवाजात. पाहुणा ऐकता ऐकता गंभीर झाला. त्यानं पिणाऱ्या पारडांकडे बघितलं, कोरड्या कॅनकडे बघितलं. मग चांदरीकडे बोट करून काही विचारलं. तिचं पारडू कुठे, हे कळायला भाषा लागत नव्हती.

हौसा आत गेली आणि पेंढ्याची पारडी उचलून आणून तिनं त्याच्या पायांशी ठेवली. पाहुण्यानं डोक्यावरची टोपी काढली. साहेब आणखी दोन वाक्यं बोलले. त्या गोऱ्या माणसाचे डोळे भरून आले. त्यानं हौसाचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी वचन दिल्यासारखं म्हणाला आणि मान हलवत जीपकडे गेला. बायकांना वाटलं, जिंकलं. मैना तर हसायलाच लागली.

जीप वळणाआड गेली तरी आप्पा मास्तर हार हातात धरून तिथेच उभे होते. हार घालायचा राहूनच गेला होता.

"काय सांगितलान साहेबानं?" हौसानं विचारलं.

मास्तरांनी हार खुर्चीवर ठेवला.

"म्हणाले, इथल्या म्हशींना दूधच नाही. आहे ते वासरांनाही पुरत नाही, म्हणून कॅन कोरडा. ही बाई मदत मागतेय." मास्तरांनी खाली बघितलं. "आणि तुमची पारडी दूध न मिळून मेली, असं सांगितलं."

"आनि तुमी ऐकून घेतलाव?"

"मला बोलता येत नाही हो हौसाबाई. कळतं, पण तोंडातून निघत नाही."

त्यांना बोलून काय होणार होतं? मास्तरांचं तोंड बंद, साहेबांचं तोंड चालू, आणि पाहुण्याचे डोळे ओले. असल्या ओल्या डोळ्यांचा तिला त्या वेळी सगळ्यांत जास्त तिटकारा आला. ज्यानं आपल्या गायी खाटकाला दिल्या, त्याला समोरचं फेसाळलेलं तोंड दिसू नये? पण चूक त्याचीही म्हणवत नव्हती. त्याच्या मुलखात पारडू सुटं सोडणं म्हणजे काय, हे हौसाला तरी कुठे ठाऊक होतं? आपण खूण केली की जगाला कळते, असं धरून चालणारी ती एकटीच शहाणी ठरली होती. बायका एकेक करून घरी गेल्या, पारडांना बांधायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर टेम्पो फाट्यावर थांबला नाही. केंद्रानं ठरवलं होतं, की उंबरकोंडात दूध नाही तर गाडी कशाला थांबवायची. बायकांनी आपापल्या रव्या बाहेर काढल्या आणि पुन्हा ताक घुसळायला लागल्या. चौथं सड पारडांना परत मिळालं, आणि ते तरी बरं झालं असं यमुनाकाकी म्हणाली. हौसाच्या गोठ्यात त्यासाठी पारडू उरलं नव्हतं. पेंढ्याची पारडी तिनं पुरली, आणि चांदरी आटली.

शिमग्याच्या आधी एका सकाळी टेम्पो चक्क फाटा सोडून वाडीत उतरला आणि शाळेपुढे उभा राहिला. लवूनं पोती खाली टाकली. पोत्यांवर हिरव्यागार गवतात उभी असलेली एक जाडजूड गाय छापली होती. गावातल्या पोरांना दूध मिळत नाही, म्हणून पाहुण्याच्या देशानं मुद्दाम पाठवलं होतं. रोज सकाळी शाळेत भुकटी कालवून पोरांना पाजायची, असा हुकूम होता.

आप्पा मास्तर हौसाच्या अंगणात आले, पण उंबऱ्याशी थांबले.

"कालवायला मोठं भांडं नाही शाळेत," ते म्हणाले. "तुमचा कॅन..."

हौसानं कॅन घासून ठेवलेला होता. ती तो डोक्यावर घेऊन शाळेत गेली आणि कुणी सांगायच्या आधी तिनं विहिरीत पोहरा सोडला. दोनतीन पोहरे ओतले आणि पाणी गळ्याच्या वर चढलं. काठोकाठ भरायला वेळ लागला नाही. मास्तर पोतं फाडत होते, भुकटी उडून त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ज्या घरांत सकाळीच चुलीवरच्या दुधावर साय धरत होती, त्या घरांतली पोरं पेले घेऊन रांगेत उभी होती.

लवू टेम्पोला टेकून विडी ओढत होता. गाडीत अजून पोती होती.

"ही कुटं नेनार?" हौसानं विचारलं.

"खालच्या वाडीला. मंग पलीकडल्या कोंडाला. तितं पन दूध नाय."

"त्या कोंडात? तितं तर घरटी दोन म्हशी हायत."

"म्हशी हायत की," लवू म्हणाला. "दूध नाय, असं ठरलंय."

हौसानं आणखी एक पोहरा ओढला. कॅन भरलेला होता, पाणी वरून वाहून तिच्या पायांवर सांडलं, तरी ती ओतत राहिली.